पाच किलोचा हिशेब दिल्लीत झाला, आपल्या चावडीवर कधी होणार?

रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं. हा ५ चा आकडा कुणी काढला? कोल्हापुरातल्या आमच्या कट्ट्यावर हा प्रश्न टाकला तर प्रत्येकानं आपापल्या पक्षाच्या नेत्याचं नाव घेतलं. कुणाचंच बरोबर नव्हतं.

डिसेंबर २०११ मध्ये अन्न सुरक्षा विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, तेव्हा त्यात 'प्राधान्य' गटाला माणशी ७ किलो आणि 'सर्वसाधारण' गटाला ३ किलो धान्य होतं. विधेयक संसदेच्या अन्नविषयक स्थायी समितीकडे गेलं. अध्यक्ष होते नागपूरचे खासदार विलास मुत्तेमवार. समितीनं वर्षभर ते चाळलं आणि जानेवारी २०१३ च्या अहवालात सांगितलं की ही दोन गटांची भानगड नको, पात्र असेल त्याला सरसकट ५ किलो द्या. सरकारनं ते मानलं. पुढं अंत्योदयवाल्यांचे कार्डामागे ३५ किलो तसेच ठेवले गेले. म्हणजे आज आपल्या पिशवीत पडणारं माप खासदारांच्या एका समितीच्या खोलीत ठरलेलं आहे. टीव्हीवर ती खोली दिसत नाही, कारण तिथं कुणी बाकावर चढत नाही की कागद फाडत नाही.

आता ह्याच्या शेजारी २०२० चे कृषी कायदे ठेवा. ५ जूनला अध्यादेश, २० सप्टेंबरला राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदान, समितीबिमिती काही नाही. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांनी एकाच दिवसात ते कायदे मागे घेतले, तेही चर्चेविना. आणताना समिती नाही, घालवताना चर्चा नाही. कायदे चांगले होते की वाईट ह्यावर आपल्यात मारामारी होईल, ती नंतर करू. पण इतक्या मोठ्या गोष्टीवर चार तज्ज्ञ, चार शेतकरी, चार व्यापारी समोर बसवून प्रश्न विचारायला कुणाच्या पोटात दुखत होतं? १५ व्या लोकसभेच्या काळात शंभरातली ७१ विधेयकं समित्यांकडे गेली होती. १७ व्या लोकसभेत १६. (आपल्या हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी २०१८ मध्ये हमीभाव आणि कर्जमुक्तीची दोन खासगी विधेयकं मांडली होती. लोकसभा संपली, तशी तीही गेली.)

इथपर्यंत दिल्लीला शिव्या घालणं सोपं आहे. आता गल्लीत येऊ.

त्याच अन्न सुरक्षा कायद्यात कलम २८ आहे. रेशन दुकानाचं सामाजिक लेखापरीक्षण, म्हणजे लोकांसमोर हिशेबाची तपासणी, ठरावीक काळानं स्थानिक संस्थेनं करायचं किंवा करवून घ्यायचं. कलम २९ प्रमाणे राज्यापासून थेट दुकानापर्यंत दक्षता समित्या हव्यात, आणि त्यात महिला, अनुसूचित जाती-जमाती, निराधार, दिव्यांग यांना जागा हवी. गावच्या दक्षता समितीचा अध्यक्ष सरपंच असतो. दुकानाच्या नोंदी लोकांना बघता आल्या पाहिजेत, असंही कलम २७ मध्ये आहे. एवढंच कशाला, ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींसाठी जे २९ विषय सांगितले, त्यातला २८ वा सार्वजनिक वितरण व्यवस्था आहे. संसदेनं तपासणीची किल्ली आपल्या हातात दिली, आणि आपण ती खुंटीला अडकवून ठेवली.

पंधरवड्यापूर्वी ओळखीच्या एका पोराबरोबर रेशन दुकानात गेलो होतो. शिरोलीकडं फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. वाळू आणि भट्टीपायी त्याच्या अंगठ्याची सालं निघालेली. ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवला, लाल. पुसला, पुन्हा लाल. मग दुसरं बोट. मागच्या म्हातारीनं सल्ला दिला, "डोक्याच्या तेलाचा हात लाव की रं." तेवढ्यात सर्व्हर गेला. तो परत येईपर्यंत मी भिंत वाचत बसलो. साठ्याचा फलक होता, खडूनं लिहिलेला, मागच्या महिन्याचा. खाली 'दक्षता समिती सदस्य' असं ऑइल पेंटनं रंगवलेलं, पुढं सात ओळी आखलेल्या. सातही कोऱ्या. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, नावं आली की लिहितो." त्याला मी फार दोष देत नाही. त्याचं कमिशन किती आणि त्यात हमाली-भाडं किती जातं, हाही प्रश्न त्याच समितीत निघायला हवा.

त्या पोराची खरी अडचण अंगठ्याची नाहीच. लग्न होऊन बायको आली, लेकरू झालं, दोघांची नावं धान्यासाठी चढत नाहीत. तालुक्याच्या ऑफिसात एकच उत्तर: इष्टांक (ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या) शिल्लक नाही. हा शब्द ऐकला नाही असा गरीब माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. २०११ च्या जनगणनेवरून आपल्या राज्याला साधारण ७ कोटी माणसांची मर्यादा घालून दिली. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळं मर्यादा तिथंच. आणि आत यायची उत्पन्नाची अट? खेड्यात कुटुंबाला वर्षाला ४४ हजार, शहरात ५९ हजार. म्हणजे खेड्यात महिन्याला ३,६६६ रुपयांत घर चालवणारा तेवढा गरीब! रोजगार हमीवर जोडपं वर्षभर राबलं तरी ते ह्या अटीत बसणार नाही. मग लोक काय करतात? खोटा दाखला काढतात. आधी नियमच असा करायचा की खरं बोलणारा उपाशी राहील, आणि नंतर अपात्र लाभार्थी शोधायची मोहीम काढायची. ह्यावर आपल्या किती आमदारांनी विधानसभेत तोंड उघडलं, हे कुणीतरी शोधून काढा.

आणि २०१९ चा महापूर आठवतोय ना? घर दोन दिवस पाण्यात असेल तरच १० किलो गहू, १० किलो तांदूळ, असा आदेश निघाला होता. शिरोळकडं माणसं पत्र्यावर बसलेली असताना दिवस मोजायचा हा हिशेब कुणी केला? गावातल्या एका बाईला विचारलं असतं तरी तो कागद निघाला नसता.

कोल्हापूरला हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. टोलविरोधात एन. डी. पाटील सरांच्या मागं अख्खं शहर रस्त्यावर उतरलं आणि टोल घालवला. उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी कित्येक वर्षं भांडलो, ऑगस्ट २०२५ मध्ये ते आलं. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तर त्याच महिन्यात सरकारला बाकीच्या गावांसाठी परिपत्रक काढावं लागलं. दुष्काळात स्वस्त धान्याची दुकानं काढणाऱ्या शाहू महाराजांचं हे गाव. पण आपल्याला मोर्चा आवडतो, रजिस्टर आवडत नाही. तालमीची पोरं फुटबॉलच्या मॅचला हजारोंनी जमतात, ग्रामसभेचा कोरम मात्र भरत नाही आणि तहकूब सभेत पंधरा माणसं अख्ख्या गावाचे ठराव उरकतात. शहरात तर महापालिकेची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली आणि पुढं पाच वर्षं प्रशासक. विचारायचं तर कुणाला? क्षेत्रसभा, म्हणजे शहरातल्या भागाभागाच्या ग्रामसभाच, कायद्यात आहेत म्हणतात, आमच्या पेठेत एकही झालेली कुणाला आठवत नाही.

येत्या ग्रामसभेला लेखी अर्ज द्या. विषय एकच: आपल्या दुकानाला गेल्या तीन महिन्यांत किती धान्य आलं, किती वाटलं, आणि दक्षता समितीवर कोण आहे. महिला ग्रामसभा आधी होते, तिथंच हा विषय काढला तर जास्त बरं, कारण रांगेत त्याच असतात. उत्तर नाही मिळालं तर इतिवृत्तात तसं लिहून घ्या. खासदारांना लिहिणार असाल तर इष्टांकाचं लिहा, आमदारांना ४४ हजारांचं. फॉरवर्ड नको, स्वतःच्या कार्डाची हकिकत लिहा.

आणि तुमच्या दुकानातल्या त्या दक्षता समितीच्या पाटीचा फोटो कमेंटमध्ये टाका. दुकानदाराचं नाव झाका. कुणाच्या पाटीवर नावं भरलेली असतील तर त्यातल्या एकाला फोन करून विचारा, आपण समितीवर आहे हे त्याला माहीत आहे का.