मेंढराला वाटीभर तेल पाजून मटण सुधारत नाही

आखाड जवळ आला की सोलापूर जिल्ह्यातल्या शेळी-मेंढीपालनाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच असतो. कापायच्या आधी चाळीस दिवस मेंढ्याला रोज एक वाटी करडईचं नाहीतर जवसाचं तेल पाजा. तेल थेट मांसात उतरतं, चरबी पातळ होते, मटण लुसलुशीत होतं, कोलेस्टेरॉल राहत नाही, ओमेगा-३ भरतं आणि गिऱ्हाईक जादा पैसे मोजतं. तेल परवडत नसेल तर भज्यांच्या गाड्यावरचं उरलेलं तेलही चालतं, अशी शेवटी पुस्ती असते. सांगोला, मंगळवेढा, मोहोळ या भागातली कितीतरी पोरं कर्ज काढून बंदिस्त मेंढीपालनात उतरली आहेत आणि हा मेसेज त्यांच्याच हातात पडतो. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

पहिलं विधान, “तेल थेट मांसात उतरतं.” सगळ्या मेसेजचा पाया हाच आहे आणि तोच कच्चा आहे. कोंबडीच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं ठरतं, कारण तिच्या खाद्यातली चरबी फारशी न बदलता शरीरात साठते. मेंढरू रवंथ करणारं जनावर. त्याने गिळलेलं सगळं आधी कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जातं आणि तिथे कडबा कुजवून पचवणारे असंख्य जिवाणू असतात. स्निग्धाम्लं म्हणजे तेल-चरबीचे घटक. पातळ तेलातली असंतृप्त स्निग्धाम्लं या जिवाणूंना घातक, म्हणून ते त्यांना हायड्रोजन जोडून संतृप्त, म्हणजे घट्ट चरबीतली करून टाकतात. करडईच्या नेहमीच्या तेलात साधारण ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असतं. त्यातलं ७० ते ९५ टक्के कोटीपोटातच बदलतं. जवसाच्या तेलाचा निम्मा भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ज्याला आपण वनस्पतीतलं ओमेगा-३ म्हणतो त्याचा. तेही ८५ टक्क्यांच्या वर बदलून जातं. या सगळ्याचा शेवट होतो स्टिअरिक आम्लात आणि ते शुद्ध रूपात ६९ अंशांच्या आसपास वितळतं.

याचा पुरावा घरच्या पातेल्यात सापडतो. थंडीच्या दिवसांत रात्रीचा मटणाचा रस्सा उरला तर सकाळी त्यावर पांढरा, कडक थर धरलेला असतो. चमच्याने टोचला की त्याचे कपचे निघतात, आणि तसाच घास घेतला तर टाळ्याला चिकटतो. कोंबडीच्या रश्श्यावरचा तवंग मात्र पिवळसर आणि मऊ राहतो. दोघांनी कदाचित एकाच शेतातली मका खाल्लेली असते. फरक पाडतं ते कोटीपोट.

तरीही तेलाचा काहीच उपयोग नाही असं म्हणणं खोटं ठरेल. थोडा भाग जिवाणूंच्या तावडीतून सुटतो. शिवाय हे बदल होताना वाटेत व्हॅक्सेनिक आम्ल तयार होतं आणि मेंढीच्या शरीरात त्यातून सीएलए नावाचं उपयुक्त स्निग्धाम्ल बनतं. खुराकात बेताने जवस दिल्यावर मांसातलं ओमेगा-३ वाढतं, हे जगभरच्या प्रयोगांत पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. प्रश्न आहे तो किती वाढतं आणि किती तेल दिल्यावर, याचा.

आता ती “रोज एक वाटी”. गणित अगदी सोपं आहे. ३० किलोचा मेंढा दिवसाला साधारण १ किलो २०० ग्रॅम कोरडा चारा-खुराक खातो. या सगळ्यात मिळून स्निग्धांश ५ ते ६ टक्क्यांपुढे जाऊ नये, असं पशुआहाराचं शास्त्र सांगतं. म्हणजे जास्तीत जास्त ६० ते ७० ग्रॅम. त्यातला २५ ते ३५ ग्रॅम कडबा, मका आणि पेंड यांतूनच आलेला असतो. वरून द्यायला जागा उरते ती जेमतेम दोन मोठे चमचे. १५० मिलीची वाटी म्हणजे जवळजवळ १३५ ग्रॅम तेल. एवढं तेल एकदम आत गेलं की चाऱ्याच्या तंतूंवर त्याचं पातळ आवरण चढतं आणि तंतू फोडणारे जिवाणू मरतात. मेंढा चारा टाकतो, रवंथ कमी होतं. लेंड्या सुट्या पडायच्या ऐवजी चिकट गोळा पडतो, आणि तो फोडून पाहिला तर कडब्याचे तुकडे जसेच्या तसे दिसतात. ज्या कडब्यावर सोलापूरची मेंढरं दुष्काळ काढतात, तोच अंगी लागत नाही. तेलात धान्याच्या सव्वादोन पट ऊर्जा असते हे खरं, पण त्यापायी चाऱ्याचं पचन बसलं तर वजनाचा हिशेब उलटा पडतो.

पाजण्याची रीत तर याहून घातक आहे. जबडा वर करून बाटलीने घाईघाईत तेल ओतलं की ठसका लागतो, तेल श्वासनलिकेत जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. यातून जनावर वाचवणं फार अवघड असतं. हा समज आला कुठून, हे समजण्यासारखं आहे. ओला लसूणघास खाऊन मेंढरू फुगलं की गोडेतेल पाजायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. तेलाने पोटातला फेस मोडतो आणि गॅस सुटतो. पण ते एका वेळेचं औषध आहे. चाळीस दिवसांचा खुराक म्हणून त्याच्याकडे पाहणं चुकीचं.

“मटण लुसलुशीत होतं.” तेलाशी याचा संबंध फारच थोडा. मांस मऊ की चिवट हे आधी वयावर ठरतं. दुधाचे दात असलेल्या कोकराचं मांस आणि म्हाताऱ्या मेंढीचं मांस यांत सांधणाऱ्या तंतूंचाच फरक असतो. त्यानंतर येतो तुकडा कुठला हा प्रश्न; चाप आणि मान एकसारखी शिजणार नाहीत. आणि मग येते ती गोष्ट जिच्याकडे कोणीच बघत नाही: कापण्याआधीची रात्र. बाजारातून टेम्पोत कोंबून, उपाशी-तहानलेलं, घाबरलेलं जनावर पहाटे कापलं तर स्नायूंतली साखर आधीच संपलेली असते. ती असेल तरच कापल्यानंतर तिचं आम्ल होऊन मांसाचा सामू (आम्लता मोजायचा पीएच) ७ वरून ५.५ च्या आसपास उतरतो. नसेल तर सामू वरच राहतो, मांस काळपट आणि चिकट दिसतं, लवकर खराब होतं. चाळीस दिवस तेलावर पैसे घालणाऱ्याने शेवटच्या रात्री जनावराला पाणी, सावली आणि विसावा दिला तर मटणात खरा फरक पडेल. कापल्यानंतर काही तासांनी मांस ताठरतं आणि एखादा दिवस थंड जागी राहिलं की स्वतःच्याच विकरांनी (एन्झाइमांनी) सैल पडतं. आपल्याला सकाळी कापलेलं दुपारी ताटात हवं असतं. ती आवड आहे आणि तिला माझी हरकत नाही, पण त्यातून आलेल्या चिवटपणाचा दोष खुराकाला देता येणार नाही.

“कोलेस्टेरॉल राहत नाही” हे साफ खोटं आहे. कोलेस्टेरॉल प्रत्येक पेशीच्या आवरणात असतं आणि मेंढीचं शरीर ते स्वतः बनवतं. १०० ग्रॅम निव्वळ मांसात ते ७० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, मग जनावर काहीही खावो. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने हा मेसेज वाचून ताटात दुप्पट मटण वाढून घेतलं तर जबाबदारी कोणाची?

ओमेगा-३ चं म्हणाल तर जवस खाऊन ते दुप्पट झालं तरी मिलिग्रॅममध्येच मोजावं लागतं. दहा ग्रॅम जवसात मात्र ते जवळपास दोन ग्रॅम असतं. भाकरीबरोबर जवसाची चटणी खाणाऱ्याला ते मेंढ्याच्या पोटातून फिरवून आणायची गरज नाही. दुसरं असं की असंतृप्त चरबी वाढली की मांस लवकर खवट होतं आणि त्याचा लाल रंग लवकर उतरतो. हे थोपवायला ई जीवनसत्त्व लागतं. ते हिरव्या चाऱ्यात भरपूर आणि वाळल्या कडब्यात नावालाच असतं. हिरव्या पाल्यात अल्फा-लिनोलेनिक आम्लही असतं. माळावर चरणाऱ्या दख्खनी किंवा माडग्याळ मेंढीला या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात. शेडमधल्या मेंढ्याला शेवरी, सुबाभूळ, हादगा, लसूणघास घालून त्या देता येतात. तेलबियांचाच फायदा हवा असेल तर घाण्यावरची करडईची पेंड आहे. तिच्यात ६ ते ८ टक्के तेल उरलेलं असतं आणि प्रथिनंही मिळतात. कारखान्यातल्या डीओसीत, म्हणजे तेल काढून घेतलेल्या पेंडीत, तेल जेमतेम एक टक्का असतं, हे विकत घेताना लक्षात ठेवावं. पेंड कुठलीही असो, बुरशी आलेली असेल तर उकिरड्यावर टाकावी.

भज्यांच्या तेलाबद्दल वाद घालण्यासारखंही काही नाही. पुन्हापुन्हा तापवून तेलात घातक घटक साठतात. ते २५ टक्क्यांच्या पुढे गेलेलं तेल अन्नात वापरायला २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाची बंदी आहे, आणि असं तेल बायोडिझेलसाठी गोळा करायची सोयही त्यांनीच सुरू केली आहे. माणसाच्या ताटातून बाद झालेलं तेल मेंढराच्या वाटेने पुन्हा ताटात आणायचं का?

राहिलं “गिऱ्हाईक जादा पैसे देतं”. तेल पाजलेलं आणि न पाजलेलं मटण दुकानात टांगलेलं असताना डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यामुळे हा भाव फक्त बोलण्यावर मिळतो आणि पहिल्या चिवट तुकड्यानंतर जातो. गिऱ्हाइकाने विचारायच्या गोष्टी दोनच आहेत: जनावर किती दातांचं होतं आणि कधी कापलं. ज्या मेंढपाळाकडे या दोन्हींची सरळ उत्तरं आहेत आणि ज्याचा मेंढा हिरवा पाला खाऊन वाढलाय, त्याने दर वाढवून मागावा. तो त्याचा हक्क आहे.