पाइपलाइन, 63ची

सकाळी पावणेसातला फोन वाजला.

"भाऊ, ते 63चं काय भावानं लावलं?"

"शंभर रुपये," मी डोळे न उघडता म्हटलं.

"मीटरला?"

"माणशी."

पलीकडे नुसती घरघर. विहिरीवरची मोटर चालू असावी. मग आवाज आला, "ते जाऊ द्या. चार केजी आहे का सहा केजी?"

तेव्हा कुठे मला जाग आली. आमच्या पोरांच्या बँडच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स आदल्या संध्याकाळी लागला होता. कोणकोणत्या सुरावटी वाजणार त्यांची यादी त्यावर होती, आणि त्यातली ‘पाइपलाइन (63)’ ही ओळ फ्लेक्सवाल्याने कोण जाणे का, सगळ्यात ठळक छापली होती. खाली माझा नंबर. मी अठरा वर्षं जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात हिशेब बघतो. रावेर-यावलकडच्या निम्म्या दुकानदारांकडे हाच नंबर आहे. केळीवाल्या माणसाने पाइपलाइनपुढे 63 वाचलं की तो एमएमच समजणार, 1963 साल त्याला कशाला आठवेल! ती शँटेज नावाच्या कॅलिफोर्नियातल्या शाळकरी पोरांची सुरावट आहे, हवाई बेटांवर एक लाट नळीसारखी गोल वळून फुटते तिचं नाव त्यांनी दिलं, हे सगळं मी पहिल्या तीन फोनांना समजावून सांगितलं. चौथ्याला सरळ सहा केजी दाबाच्या पाइपचा भाव सांगितला. चाळीस नगांची ऑर्डर मिळाली. तिकिटं त्या दिवशी दोन खपली.

या सगळ्याचं मूळ म्हणजे माझा भाचा. पुण्याहून इंजिनिअरिंग करून आला तेव्हा डिग्री फायलीत होती आणि गिटार खोक्यात. ताईने खोकं आधी उघडलं. त्या दिवसापासून फाइल कुणी उघडलेली नाही. उन्हाळ्यात गच्चीवर जिथे आमच्या कुरडया वाळतात तिथे संध्याकाळी तो गिटार वाजवत बसायचा. एकदा त्याने माझ्या कानाला हेडफोन लावून ‘मिसिरलू’ ऐकवलं. डिक डेलचं, 1962चं, सर्फ म्हणतात त्या जातीचं गिटारचं संगीत. भाच्याचा बँड तेच वाजवतो. एकाच तारेवर नखी अशी थरथरत धावते की पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतं. मी भारावून म्हटलं, "अरे, हा तर आपला वरातीतला बेंजो!"

भाचा तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

चौथ्या दिवशी समेट झाला. समेटाची अट म्हणून कार्यक्रमाची सगळी उस्तवार मी अंगावर घेतली. बँडचं नाव इथे देत नाही. चारही पोरांची लग्नं व्हायची आहेत.

पहिली परीक्षा घरातच झाली. मोठ्या मावशीने विचारलं, "सर्फ म्हणजे काय रे?" मी सांगितलं, समुद्रात फळीवर उभं राहायचं आणि लाटेवरून घसरत यायचं.

"आणि पडला तर?"

"पडतातच. त्याला वाइपआउट म्हणतात. त्या नावाची पण सुरावट आहे, खूप गाजली."

"पडण्याची?"

"हो. सुरुवातीला एक माणूस वेड्यासारखा हसतो."

"पडलेल्याला हसतात होय!" मावशी म्हणाली आणि वांगी भाजायला निघून गेली. पहिलं तिकीट मात्र तिनेच घेतलं, ते खरं. कपड्यांच्या पावडरीचा विनोद गल्लीत सगळ्यांनी करून झाला आहे, म्हणून तो मी सोडून देतो.

दुसरा प्रश्न समुद्राचा. मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक अमळनेरकडचे. त्यांनी फ्लेक्सवरची लाट पाहून शांतपणे विचारलं, "पन भाऊ, आठे समुद्र कथा शे?" इथे समुद्र कुठे आहे, याला मला उत्तर सुचलं नाही. आमची तापी 724 किलोमीटर वाहते आणि सुरतेपुढे समुद्राला मिळते. म्हणजे आमचं पाणी समुद्रावर जातं, आम्ही जात नाही. आम्ही गेलोच तर रेल्वेने सुरतेपर्यंत जातो, साड्या घेतो आणि परत येतो. खानदेशातली सगळ्यात मोठी लाट म्हणजे हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर जी उसळते ती, आणि तिच्यावर फळी घेऊन उभं राहण्याइतका वेडा अजून आमच्याकडे जन्मला नाही. शेवटी मी बीच बॉइज या अमेरिकेतल्या बँडचा दाखला दिला. नावातच समुद्रकिनारा असलेली ती पाच पोरं, त्यांच्यात खरोखर सर्फिंग करणारा एकच होता, ड्रम वाजवणारा. बाकीचे चौघे आपल्यासारखेच कोरडे. व्यवस्थापक म्हणाले, "मंग एक तर पाहिजे ना भाऊ." आमच्या चौघांत तोही नव्हता. आमच्या ड्रमवाल्याला मेहरूण तलावाकाठी उभं राहिलं तरी गरगरतं.

फ्लेक्सची कथा याहून वाईट आहे. प्रेरणास्थान म्हणून डिक डेलचा फोटो टाकायचा असा भाच्याचा हट्ट. फोटो जुना, काळा-पांढरा. खाली मी हौसेने साल लिहून दिलं : 1937–2019. फ्लेक्सवाल्या पोराचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने बसलेला. त्याने फोटोला गोल चौकट केली, कोपऱ्यात पणती ठेवली आणि झेंडूचा हार चढवला. त्याखाली आमच्या चार पोरांचे फोटो, त्याखाली ‘समस्त मित्रपरिवार’. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात मला दोघांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कधी झालं?" एकाने दहावं कोणत्या घाटावर ते विचारलं. मी म्हटलं, अहो, तो अमेरिकेतला गिटारवाला होता. डावखुरा, उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरून वाजवायचा, इतक्या जोरात की कंपनीने दिलेले अ‍ॅम्प एकामागून एक जाळून टाकायचा. त्यावर तो गृहस्थ हळहळून म्हणाला, "चांगली माणसं लवकर जातात." एक्याऐंशी वर्षांचा होऊन गेला, हे मी बोललो नाही.

तारीख ठरवताना आम्ही फार हुशारी केली, असं तेव्हा वाटलं होतं. 2023 साली अधिक श्रावण आला होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. धोंड्याचा महिना, लग्नाच्या तिथी नाहीत, कार्यालयं रिकामी. व्यवस्थापकांनी निम्म्या भाड्यात हॉल दिला. आमच्या डोक्यात एकच गोष्ट आली नाही. धोंड्याच्या महिन्यात गावातला प्रत्येक ऐपतदार पुरुष कुणाचा तरी जावई असतो आणि तो सासरवाडीला पाटावर बसून पुरणाचे धोंडे खात असतो. ज्याला म्हणून फोन करावा तो हात पुसत बोलायचा. एकाने तर आवाज खाली आणून सांगितलं, "चांदीचं निरांजन देणार आहेत म्हणे, तिकडे जावंच लागेल." शंभर रुपयांच्या तिकिटाने चांदीच्या निरांजनाशी काय टक्कर घ्यावी? ज्यांना जावईपण नव्हतं त्यांनी "पास द्या ना" म्हटलं, आणि पास दिल्यावर विचारलं, "जेवण काय आहे?" मंगल कार्यालयात जायचं आणि वरण-बट्टी नाही, हे खानदेशी माणसाच्या पोटाला पटत नाही. शेवटी तिकिटाचे जेवढे आले त्यात खिशातले घालून मी बट्टीचं सांगितलं. घोटलेल्या वांग्यांची भाजी मावशीने दिली.

परवानगीच्या अर्जात ‘गायकाचे नाव’ असा रकाना होता. मी ‘नाही’ लिहिलं. ‘गीतांचे स्वरूप’ : ‘शब्द नाहीत’. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. शब्दच नाहीत म्हणजे आक्षेपार्ह काही नाही, हे त्यांना मान्य होतं. पण मग इतकी माणसं ऐकायला कशाला येणार, ही शंका काही गेली नाही. मलाही तीच होती. दहाच्या आत बंद करा म्हणाले आणि सही केली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून पाऊस. साउंडवाला धरणगावकडचा, तोंडात पुडी, बोलणं कमी. त्याने भाच्याला विचारलं, "एको कितला ठेवू?"

"फुल," भाचा म्हणाला.

साउंडवाल्याने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. आजवर प्रत्येक वधूपित्याने त्याला ‘आवाज घुमतोय, कमी कर’ असंच सांगितलं असणार. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "हाऊ पोर्‍या पुढे जाई."

सर्फ गिटारचा तो ओला, विहिरीत बोलल्यासारखा आवाज येतो तो अ‍ॅम्पमधल्या स्प्रिंगांमधून. पातळ, लांबलचक स्प्रिंगा आडव्या टांगलेल्या असतात. सूर एका टोकाने आत जातो आणि हेलकावे खात दुसऱ्या टोकाला निघतो. पण चालू अ‍ॅम्पला धक्का लागला की त्या स्प्रिंगा असा कडकडाट करतात की वीज पडली वाटावं. चहावाल्या पोराचा ट्रे त्याला लागला आणि धडाम्म! "डीपी उडाली!" म्हणत पुढच्या दोन रांगा उठून दारापर्यंत गेल्या. भाच्याने माइकवरून माफी मागितली, स्प्रिंगचं शास्त्र समजावलं, आणि लोक पुन्हा बसले. एकूण माणसं सदतीस. त्यातली अकरा पाइपवाली. ती माझ्यासाठी आली होती आणि आवडेल तेवढं ऐकून बट्टी खाणार होती.

‘पाइपलाइन’ला त्या अकरांनी टाळ्या वाजवल्या. ‘वाइपआउट’च्या सुरुवातीचं हसू बासवाल्या पोराने इतकं मनापासून हसलं की मागे झोपलेलं एक बाळ उठलं आणि बँडहून मोठ्या आवाजात रडायला लागलं. मावशी कुणाला तरी सांगत होती, "पडलाय तो, म्हणून हसतात."

आणि मग ‘मिसिरलू’ सुरू होऊन अर्धा मिनिट झालं असेल, तेवढ्यात बाहेर धडाम्म झालं. एकही माणूस हलला नाही. "स्प्रिंग," पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला समजावत म्हणाला. दिवे गेले, गिटार गेली, अंधारात ड्रमवाला एकटाच बडवत राहिला, तरी लोक कार्यक्रमाचा भाग समजून बसून होते. या वेळी डीपी खरंच उडाली होती.

कार्यालयाच्या मागच्या शेडमध्ये एका लग्नाच्या बँडची गाडी पावसाळ्यापुरती उभी होती. भोंगे, जनरेटर, सगळं तिच्यावरच. बँडचे बेंजोवाले आबा व्यवस्थापकांचे साडू. बट्टीला म्हणून आले होते. त्यांनी विचारलं नाही, पाचव्या मिनिटाला जनरेटर फटफटला. भाच्याची वायर गाडीच्या मशीनला लागली, आणि आबांनी मांडीवर बेंजो घेतला. बोटात प्लॅस्टिकचा तासलेला तुकडा. आमच्याच नव्वदच्या पाइपचा, रंगावरून ओळखला मी.

भाच्याने सुरुवात केली. आबांनी मान तिरकी करून दोन फेऱ्या ऐकल्या, तिसऱ्या फेरीला डावी बोटं पट्ट्यांवर पडली आणि तो तुकडा थरथरायला लागला. ‘मिसिरलू’ मुळात तिकडच्या भूमध्य समुद्राकाठचं लोकगीत. डिक डेलचे वडील लेबनॉनकडच्या घराण्यातले, त्याचा काका ऊद नावाच्या वाद्यावर हेच वाजवायचा, असं तो सांगायचा. आबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी मध्ये आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्याची एक चाल घातली आणि परत जागेवर आणून सोडली. भाच्याचं तोंड उघडं राहिलं, पण हात थांबला नाही. शेडच्या पत्र्यावर पाऊस, समोर भोंगे, आणि सदतीसच्या सदतीस माणसं चिखलात हात वर करून नाचत होती. मावशीसकट. दहाला पाच कमी असताना मी जनरेटर बंद करायला गेलो तर साउंडवाल्याने माझा हात धरला.

घरी येताना भाचा गाडीवर मागे बसून म्हणाला, "मामा, तो बेंजो…"

"बोल."

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला फोन वाजला.

"भाऊ, ते रातचं काय भावानं लावलं? मार्गशीर्षात पोराचं लगीन आहे."

मी उठून बसलो. "कुठून कुठे वाजवायचं?"

"मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत."

"अंतर?"

"असेल सहाशे मीटर."

मी उशाजवळचा कॅल्क्युलेटर ओढला.