‘मी आधीच सांगितलं होतं’

गेले तीन आठवडे आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका माणसावरून भांडणं चाललीत, आणि तो माणूस अस्तित्वातच नाही. ग्रुपात आम्ही पाचजण. मी, माझा भाचा, माझी धाकटी जाऊ, एका शाळेत ड्रॉइंग शिकवणारे सर, आणि सांगलीच्या गावभागातले हार्डवेअरवाले काका. काकांना भाच्यानं थट्टेत अॅड केलं होतं. आता दुपारी गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यावर बसून सगळ्यांत जास्त तेच वाचतात.

भांडणातल्या माणसाचं नाव स्वेन बियांकी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ‘क्वेश्चनेबल कंटेंट’ नावाचं एक वेबकॉमिक आहे, म्हणजे नेटवर येणारी चित्रकथा. जेफ जॅक्स यांनी ते १ ऑगस्ट २००३ ला सुरू केलं. सोमवार ते शुक्रवार रोज एक स्ट्रिप, अशा ५००० च्या वर स्ट्रिप झाल्यात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये नॉर्थॅम्प्टन नावाचं गाव, तिथलं एक कॉफीचं दुकान, तिथं काम करणारी आणि तिथं येऊन टेकणारी पोरं. (मधेच बोलणारे रोबो येतात. तिकडं लक्ष देऊ नका, सवय होते.) घडत फारसं काही नाही. लोक कॉफी पितात, टोमणे मारतात, प्रेमात पडतात, भाड्याची काळजी करतात. आमच्या विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर तासभर बसलात तर जे कानावर पडेल तेच. फक्त घरच्यांचा धाक नाही.

दुकानाची मालकीण डोरा, आणि हा स्वेन तिचा भाऊ. दिसायला देखणा, कंट्री गाणी लिहून पैसे कमावतो आणि बायकांच्या बाबतीत हिशेब ठेवत नाही. दुकानात काम करणारी फे. जिभेला धार, कुणाला जवळ येऊ देत नाही. तिच्या वडिलांनी तिच्या डोळ्यांदेखत स्वतःला संपवलेलं आहे. ही दोघं ‘कसलंही बंधन नको’ असं ठरवून एकत्र येतात. पुढं तो दुसऱ्या एका बाईबरोबर झोपतो, ते फेला कळतं, आणि ती तिथंच सगळं थांबवते.

आता बोला, स्वेनचं चुकलं का?

भाच्याचं म्हणणं, अजिबात नाही. वय २१, इंजिनिअरिंगला आहे, सगळ्या गोष्टी त्याला अटी आणि शर्तींसारख्या दिसतात. "मावशी, त्यानं फसवलं का? नाही. लग्नाचं वचन दिलं? नाही. मग केस काय आहे?" काकांचं म्हणणं त्याच्या उलट असेल असं मला वाटलं होतं. तर काका म्हणाले, "पुरुषमाणूस आहे, चालायचंच. आपला किसनदेव काय करत होता?" आणि मग तमाशातली गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवून उभा राहिलेला कृष्ण, मधे पेंद्या, आणि त्याला झापणारी मावशी. "ते बघून आमच्या आईसुद्धा हसायच्या," काका म्हणाले. मी म्हटलं, काका, स्वेन कुणाची वाट अडवत नाही हो, त्याच्याकडं सगळ्या आपल्या पायानं जातात. त्यावर काकांचा अंगठा आला. अंगठ्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

जाऊबाई दोन दिवस गप्प होत्या. मग रात्री साडेअकराला एकच ओळ: "फेला सगळं माहीत होतं. तरी गेली. मीपण गेले असते." त्यानंतर ग्रुपवर सकाळपर्यंत शांतता. (दीर ग्रुपात नाहीत. फेसबुकवर आहेत, पण एवढं लांब वाचत नाहीत, म्हणून बिनधास्त लिहिते.)

वाद वाढत गेला तसं माझ्या लक्षात आलं की आमच्यात कुणाकडंच या माणसासाठी शब्द नाही. काका त्याला ‘रंगेल’ म्हणतात. त्यात अर्धं कौतुकच आहे, पान खाऊन म्हटल्यासारखं. मी रागात ‘बाहेरख्याली’ लिहिलं, तर सरांनी बरोबर पकडलं. बाहेरख्याली व्हायला आधी घर लागतं. घरात बायको लागते, तिनं जेवण झाकून ठेवलेलं लागतं. स्वेनला घरही नाही, बायकोही नाही आणि चोरीही नाही. ‘छंदीफंदी’ म्हणावं तर तो शब्द वाड्यातल्या धाकट्या मालकांचा. आपले झाडून सगळे शब्द लग्न झालेल्या नाहीतर जमीनजुमला उडवणाऱ्या पुरुषासाठी घडवलेत. जो कुणाशीच खोटं बोलत नाही आणि तरीही मागं रडणारी माणसं ठेवून जातो, त्याला काय म्हणायचं? शब्द नाही म्हणून प्रत्येकजण आपापल्या ओळखीच्या माणसाला स्वेनचा शर्ट घालून भांडतोय.

माझाही एक आहे. त्याच्याकडं येते.

त्याआधी सरांचं सांगते, कारण या तीन आठवड्यांत खरी कामाची गोष्ट तेच बोलले. ते म्हणाले, भांडण सोडा, चौकटी बघा. स्ट्रिपमध्ये बहुतेक वेळा चार चौकटी, आणि शेवटच्या चौकटीत काहीतरी विनोद यावाच लागतो. तिसऱ्या चौकटीत बाईचा चेहरा पडला की चौथ्यात कुणीतरी टोमणा मारतं, आणि आपण हसून उद्याची वाट बघतो. "स्वेन सुटतो तो स्वभावानं नाही, चौथ्या चौकटीनं सुटतो." हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि चहा टाकला. आपल्याकडच्या लग्नघरातसुद्धा असे मामा, असे चुलतभाऊ असतातच. कुणीतरी दुखावलेलं असतं, तेवढ्यात हे एक फर्मास वाक्य टाकतात, मांडव हसतो, आणि दुखावलेल्या माणसानं रडायचं कुठं ते त्याचं त्यानं बघायचं.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली ती वेळेची. भाच्यानं फे आणि स्वेनचं प्रकरण एका रात्रीत वाचलं. हॉस्टेलच्या गादीवर पडून, स्क्रोल करत, सुरुवात ते शेवट. मी ते रोज एक असं वाचलंय, महिनोन् महिने. तेव्हा मी बी.कॉम.ला होते. घरी नेट नव्हतं. सायबर कॅफेत १५ रुपये तासाला मोजून त्या दिवसाची स्ट्रिप वाचायची आणि उरलेल्या वेळात मेल. शनिवार-रविवार फे काय करत असेल याचा विचार व्हायचा. कॉमिकमधला काळ तर आणखी हळू चालतो. बाहेर वीस वर्षं सरली, तिथली मंडळी थोड्याच वर्षांनी मोठी झालीत. त्यामुळं भाच्याला जे ‘ठरलं, मोडलं, संपलं’ असं दिसतं, ते मला एका मुलीनं रोज एकेक कडी काढत दार उघडल्यासारखं दिसलं होतं. एका रात्रीत वाचणाऱ्याला कड्या मोजता येत नाहीत. त्याला करारच दिसणार.

आमचे आजोबा अडत दुकानात दिवाणजी होते. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, जमिनीच्या पोटात. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच गेली. आजोबा सांगायचे, पेवाचं तोंड उघडलं की लगेच माणूस आत सोडायचा नाही. आतली हवा कोंडून विषारी झालेली असते. उघडं टाकायचं, थांबायचं. घाई केली तर माणूस आतच राहतो. फे वाचताना मला प्रत्येक वेळी तेच आठवतं. बापाचा मृत्यू पोटात घेऊन बसलेली पोरगी तोंडानं म्हणते, ‘बंधन नको’. तिच्या मनात काय आहे हे वाचणाऱ्या आम्हाला माहीत, डोराला माहीत, आणि स्वेन जवळ असून त्यानं विचारलं नाही. विचारायची त्याला गरज वाटली नाही, कारण ठरलं होतं ना.

आता माझा स्वेन. नाव सांगणार नाही, त्याचा संसार आहे. मैत्रीण तासगावकडची, रोज एस.टी.नं यायची. तो आमच्याच वर्गात. त्यानं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की मी सिरियस नाही बरं का. सगळ्या कट्ट्याला ते माहीत होतं, कारण त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं. त्याला तो प्रामाणिकपणा वाटायचा. मलाही वाटायचा. त्याच्या चिठ्ठ्या मी पोचवल्यात. मग व्हायचं ते झालं, दुसरी कुणीतरी आली. मैत्रीण आठवडाभर कॉलेजला आली नाही. आली तेव्हा स्टँडवर मला म्हणाली, "तू काय म्हणालीस गं त्याला?" मी काहीच म्हणाले नव्हते. आणि वर तिला सांगितलं, "अगं, त्यानं तर आधीच सांगितलं होतं ना."

ती एस.टी.त चढली. पुढं वर्षभर आम्ही एकाच वर्गात होतो. तिच्या लग्नाची पत्रिका मला आली नाही.

त्याच सुमाराला मी रोज सायबर कॅफेत बसून स्वेनची बाजू घेत होते, हे आता लिहिताना हात जड होतोय.

म्हणून भाच्याचं ‘केस काय आहे’ मला सहन होत नाही. मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघते. बिलाच्या तळाला काय छापलेलं असतं मला पाठ आहे. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. स्वेनचं ‘आधीच सांगितलं होतं’ ही तळाची ओळ आहे. ती कायद्यानं बरोबर असते. परवा काका परत त्याचीच बाजू घ्यायला लागले तेव्हा मी ग्रुपवरच विचारलं, "काका, तुमच्या पावतीवर ती ओळ आहे का?"

"आहे की."

"मग गेल्या महिन्यात आमचा नळ परत कसा घेतलात? वापरलेला होता."

"तुम्ही ओळखीच्या. मापात चूक झाली असंल. गिऱ्हाईकाचं तोंड बघून कळतंय की."

"फे काय अनोळखी होती?"

टायपिंग… टायपिंग… मग काही नाही. काका दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गायब.

मी स्वेनला राक्षस म्हणत नाही, हे जाऊबाईंसाठी लिहिते, नाहीतर परत रात्री साडेअकराला ओळ येईल. त्याच्या आयुष्यात किती बायका आल्या याच्याशी मला देणंघेणं नाही. पन्नास येऊ देत. संस्कृतीची काळजी करणारे इथं कमेंटमध्ये येणार आहेत, त्यांना आधीच सांगते (बघा, मीही आधीच सांगतेय) की तुमची आणि माझी तक्रार एक नाही. तुम्हाला तो झोपला याचा राग आहे. मला राग आहे तो त्यानं फेचं तोंड बघितलं नाही याचा, जे आमचे काका नळ परत घेताना बघतात.

आणि कुणी म्हणेल, काल्पनिक पात्रावर एवढं कशाला? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात सीतास्वयंवर उभं केलं, तेव्हापासून सांगलीकर पात्रांना शिव्या घालतायत. आम्ही फक्त मोबाईलवर घालतो.

भाच्याचा काल मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. "मावशी, पण तिनं बोलायला नको होतं का? मुलगी बोललीच नाही तर मुलानं ओळखायचं कसं?" प्रश्न बरोबर आहे. खोटा नाही आणि उद्धटही नाही. मी तीनदा उत्तर टाइप करून खोडलं. शेवटी लिहिलं, रविवारी जेवायला ये, तोंडानं सांगते. त्यानं विचारलं, भाजी कसली.

काका आज उगवले. स्वेनबद्दल चकार शब्द नाही. नुसतं विचारलं, "त्या डोराचं पुढं लग्न होतंय का?" आणि लगेच खाली, "सांगू नका. मी तिथंवर पोचलो न्हाई अजून."