आरशातली दाढ

वरच्या दाढा सरळ नजरेच्या टप्प्यात येत नाहीत. त्या माउथ मिररमध्ये पाहून कोराव्या लागतात, आणि आरशात पाहताना हात आत नेला की तो बाहेर आल्यासारखा दिसतो. हे मी दरवर्षी दंतवैद्यकाच्या नव्या तुकडीला सांगते, विद्यार्थी ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवतात आणि १६ क्रमांकाच्या दाढेत सुरू केलेली कॅव्हिटी, म्हणजे फिलिंगसाठी कोरायचा खड्डा, शेजारच्या १७ क्रमांकाच्या दाढेला जाऊन भिडवतात.

सुदैवाने समोर फँटम हेड असते. रबरी गालांचा आणि स्क्रूने बसवलेल्या प्लास्टिकच्या दातांचा हा रुग्ण कधीच हूं की चूं करत नाही, आणि नेमके तेच नडते. मिनिटाला ३ ते ४ लाख फेरे घेणारा, दात कोरायचा एअरोटर हाती आला की कोणाचाही हात थांबायला तयार नसतो. खोली दीड ते दोन मिलिमीटर सांगितलेली असते. मी प्रोब घालून मोजते तेव्हा ती चार भरते, आणि वर ‘मॅडम, कमी पडायला नको म्हणून’ असे समजूतदार उत्तर मिळते. शेजारच्या दातावर टेकून हाताला आधार देण्यासाठी नेमलेली अनामिका तेवढी रुसल्यासारखी हवेत असते.

पुढे खरा रुग्ण खुर्चीत येतो, तेव्हा विद्यार्थ्याला त्याच्यादेखत रागावता येत नाही. म्हणून मी एक सभ्य भाषा तयार केली आहे: ‘छान, आता जरा थांबून बघू या’ याचा अर्थ ‘हात ताबडतोब बाहेर काढ’. विद्यार्थी घामाघूम होतो, रुग्ण मात्र ‘छान’ ऐकून निर्धास्त होतो.

परवा एका मुलीने फँटम हेडवर प्रात्यक्षिक मागितले. मी ऐटीत बसले. तोंडात आरसा धुरकटला तर तो गालाच्या आतल्या बाजूला हलकेच पुसून घ्यावा, हेही जाता जाता सांगितले आणि कोरायला लागले. तेवढ्यात तिने अगदी निरागसपणे विचारले, “मॅडम, आत्ता तुम्ही हात नेमका कुठल्या बाजूला नेलात?” इतकी वर्षे हे माझे हात परस्पर ठरवत आले आहेत, मला कोणी विचारलेच नव्हते. मी विचार करू लागले आणि एअरोटर सरळ १७ क्रमांकाच्या दाढेवर गेला.

क्षणभर कोणी बोलले नाही. मग मागून कोणीतरी अत्यंत आदराने म्हणाले, “छान, मॅडम. आता जरा थांबून बघू या.”