फायनल एक्झिटच्या आधीचे दोन महिने

आखातातला करार संपवून कोणी कायमचा परत येतोय म्हटलं की खेड-दापोलीपासून मालवणपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, "मग काय, घर बांधतोस की बाग घेतोस?" माझ्या मते हे सहा महिन्यांनी विचारलं तरी चालेल. आधी विचारा, "हिशोब पुरता घेतलास का? कागद आणलेस का?" तिकडचा एक सही-शिक्का राहिला तर तो मंडणगडात बसून मिळवताना नाकी नऊ येतात.

ग्रॅच्युइटीचंच बघा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचं. यूएईत पहिल्या 5 वर्षांसाठी वर्षाला 21 दिवसांचा आणि त्यापुढे वर्षाला 30 दिवसांचा पगार मिळतो, पण तो फक्त बेसिकवर, म्हणजे भत्ते वगळून उरणाऱ्या मूळ पगारावर. समजा महिन्याला 3500 दिरहम मिळतात आणि त्यात बेसिक 2000 आहे. आठ वर्षांचे 105 अधिक 90, म्हणजे 195 दिवस झाले. 2000 भागिले 30, गुणिले 195, आले 13,000. गडी मात्र 3500 धरून 22,750 चे मांडे खात असतो, आणि इकडे चिऱ्याच्या खाणीवर ॲडव्हान्स देऊन मोकळा! शिवाय बिनपगारी दिवस नोकरीच्या काळातून वजा होतात. गणपतीला आलो आणि महिनाभर लांबवलं, त्याचा हिशोब इथे लागतो.

सौदीत पहिल्या 5 वर्षांना अर्धा-अर्धा महिना, पुढे वर्षाला एक महिना. करार संपून निघालात तर पूर्ण रक्कम. राजीनामा दिलात तर 2 वर्षांच्या आत शून्य, 5 वर्षांपर्यंत एक तृतीयांश, 10 पर्यंत दोन तृतीयांश. चार वर्षं अकरा महिन्यांवर फोरमनशी भांडून राजीनामा फेकणाऱ्याला काय म्हणावं? सेटलमेंटच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या कागदावर 'सर्व येणं मिळालं' अशी ओळ असते, बऱ्याचदा अरबीत. खात्यात पैसे दिसेपर्यंत त्यावर सही नको.

अनुभवाच्या पत्राकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. व्हिसावर 'लेबर' आणि हातात क्रेन, असे आपल्याकडचे कितीतरी. पत्रात नुसतं 'ऑपरेटर' लिहून भागत नाही. '50 टनी क्रॉलर क्रेन, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असं हवं. उद्या जयगड बंदरात काम मागायला गेलात तर तेच उपयोगी पडेल. पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्हा नसल्याचा दाखलाही तिथे असतानाच काढा. पुढे कॅनडा-युरोपचा विचार झाला तर मागतातच, आणि इथून काढायचं म्हणजे बोटांचे ठसे देण्यापासून सुरुवात.

क्रेडिट कार्ड दीड-दोन महिने आधी बंद करा आणि बँकेचं 'देणं नाही' पत्र घ्या. कर्ज बाकी असेल तर बँक सेटलमेंटची रक्कम अडवून ठेवू शकते. सिमकार्ड सगळ्यात शेवटी. ओटीपी त्याच नंबरवर येतो, हे विमानतळावर आठवून उपयोग नाही. सौदीत फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं देश सोडायचा व्हिसा लागल्यावर निघायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. वरची कामं त्या आत बसवायची.

इथे आल्यावर एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं तसंच चालू ठेवायची खोड फार. कायमचे परतलात की बँकेला सांगून ते निवासी खात्यात बदलायचं, नाहीतर परकीय चलनाच्या आरएफसी खात्यात पैसे वळवायचे. एनआरई ठेवीच्या व्याजाची करमाफी तुम्ही अनिवासी असेपर्यंतच असते. एफसीएनआर, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली मुदत ठेव मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेल्या व्याजावर राहू देतात.

आता बाग. अनिवासी असताना शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आली तर ठेवता येते. परतल्यावर घ्यायची तर महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, म्हणून आजोबांच्या सातबाऱ्यावर वारसनोंद झाली आहे का ते आधी बघा. आपल्याकडे समाईक जमिनीत नावांची जत्रा असते. आणि बाग म्हणजे पेन्शन, ही समजूत सोडा. हापूसचं कलम धरायलाच पाच-सहा वर्षं घेतं, खर्च भरून निघायला त्याहून जास्त. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. बागेचा खर्च भरून निघेपर्यंतची वर्षं घर चालवायचे पैसे बाजूला काढून मगच खड्डे मारा.

तारीख तुमच्या हातात असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये या. तलाठ्याकडचे हेलपाटे पावसाआधी उरकतात, मे महिन्यात मीटरभर खोल खड्डे मारून शेणखत-माती भरता येते, आणि मृगाचा पाऊस स्थिरावला की कलमं लागतात. ऑगस्टमध्ये आलात तर खाणीही बंद, गवंडीही गणपतीच्या तयारीत, आणि तोवर सेटलमेंटचे पैसे पाहुणचारात जातात.