‘दीनियात आली की गणित गेलं’? जरा मोजून बघू

सध्या फिरणारा मेसेज असा: शाळेत दीनियात (इस्लामी धर्मशिक्षण) आणि इस्लामी मूल्यं आली की गणित-विज्ञान बुडतं, शाळेचा मदरसा होतो, आणि अनुदानित शाळेत हे बेकायदाच.

मदरशाचं आधी उरकू. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३-४ टक्के मदरशात जातात, हे सच्चर समितीने २००६ मध्येच मांडलंय. सकाळ-संध्याकाळचा मक्तब ही शाळेबरोबरची धर्माची शिकवणी. तो मदरसा नव्हे.

आता गणित. जकात (इस्लाममधलं सक्तीचं दान) ‘पगाराच्या अडीच टक्के’ असं मुलं लिहितात, ते चूक. अडीच टक्के शिलकीवर. देणी वजा जाऊन उरलेली शिल्लक निसाबाएवढी (जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेएवढी) हवी आणि चांद्रवर्षभर मालकीत हवी. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दर विचारून हिशेब मांडला की इथंच घोळ होतो: बाजारातला तोळा १० ग्रॅमचा, म्हणून उत्तर येतं ५२५ ग्रॅम. निसाब मात्र जुन्या ११.६६४ ग्रॅमच्या तोळ्याचा, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. शिवाय चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळं मार्चअखेरच्या, म्हणजे ३६५ दिवसांच्या ताळेबंदावर दर अडीचऐवजी सुमारे २.५८ टक्के धरावा लागतो. शेकडेवारी, एकक-रूपांतर, त्रैराशिक, सगळं एका उदाहरणात.

भूगोलात किब्ला, म्हणजे नमाजासाठीची मक्केची दिशा घ्या. भिंतीवरच्या नकाशात कोल्हापूर ते मक्का पट्टी ठेवली तर दिशा पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे ८ अंश येते. पृथ्वीगोलावर त्याच दोन ठिकाणांत दोरा ताणून कोल्हापुरापाशी कोन मोजला तर सुमारे १४. दोरा सैल राहिला तर कोन बिघडतो, आणि मैदानात दिशा आखताना होकायंत्र लोखंडी बाकावर ठेवलं तर सुई भरकटते. सपाट नकाशा गोल पृथ्वीवरची जवळची वाट सरळ का दाखवत नाही, हा धडा याहून सोपा कुठून आणणार? प्रत्येक धड्याच्या डोक्यावर आयत (कुराणातलं वचन) छापलेल्या वर्कशीटवर कुणी हसलं तर मात्र आमची हरकत नाही. मुलांना त्यात करण्यासारखं काही नसतं.

‘कोल्हापूरच्या परंपरेत बसत नाही’ हेही त्या मेसेजात आहे. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम शिक्षणसंस्था उभी केली, अध्यक्षपद स्वतःकडं घेतलं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग रोज दिसतंच.

उरला कायदा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुच्छेद २८ स्पष्ट आहे. पण अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत अट संमतीची आहे, अल्पवयीन मुलासाठी पालकाच्या. त्यामुळं दीनियातचा तास शेवटचा ठेवावा, न बसणाऱ्याचा विषय बुडू नये. संमतीपत्र प्रवेश अर्जात घुसडू नये. वेगळा कागद, वेगळी सही घ्यावी.