व्हिडिओ बघून बीपी घेता येत नाही, हे मान्यच

ताई, नर्सिंगच्या मुलींना डेमोचा व्हिडिओ आदल्या दिवशी बघायला देते, या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'व्हिडिओ बघून कुणी नर्स होत नाही, हात बसावा लागतो. तुम्ही शिकवायचं काम मोबाइलवर ढकललंय,' असं तुम्ही लिहिलंत. यातलं पहिलं वाक्य माझंही आहे. दुसऱ्याबद्दल बोलते.

बीपीचंच घ्या. २० जणींची तुकडी, २ तासांचं प्रॅक्टिकल. पूर्वी पहिली ५० मिनिटं फळा आणि डेमोत जायची, मागच्या रांगेला तर पुढच्यांच्या वेण्याच दिसायच्या. उरलेल्या वेळात माझ्या वाट्याची जेमतेम साडेतीन मिनिटं एकेकीला. आता डेमो आदल्या दिवशी बघून येतात. १५ मिनिटं शंका, मग दोघी-दोघींनी एकमेकींचं बीपी घ्यायचं आणि मी फिरायचं. एकेकीला पाच मिनिटं तरी मिळतात.

त्या पाच मिनिटांतच तर सगळं आहे. 'कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) कोपराच्या दोन बोटं वर' हे व्हिडिओत ऐकलेलं असतं, तरी बाहीवरूनच गुंडाळतात. मनगटाची नाडी ज्या आकड्याला लागेनाशी होते, त्याच्या ३० मिमी वर दाब न्यायचा, हे पाठ असतं. प्रत्यक्षात नाडीला हातही न लावता थेट २०० पर्यंत फुगवतात. हवा सेकंदाला २-३ मिमीने उतरायला हवी, पण घाबरलेला अंगठा व्हॉल्व्ह एकदम सोडतो आणि पहिला ठोका हुकतो. मग शांतपणे '१२०/८०' सांगून मोकळ्या! हा आकडा वॉर्डात तुम्हीही पुष्कळ ऐकला असणार. अशा वेळी मी दोघींना एकदम ऐकू येणारा शिकवायचा स्टेथो लावते. ठोका सुरू झाला की तिचा हात दाबते. हे मोबाइलवर ढकलता येत नाही, म्हणून बाकीचं ढकललं.

हॉस्टेलच्या मुलींना व्हिडिओ बघायला जमत नाही, हे तुमचं म्हणणं मात्र लागलं, कारण ते खरं आहे. माझा पहिला व्हिडिओ २२ मिनिटांचा होता. कुणाचा डेटा संपला, कुणी नाइट करून आलेली, आणि वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या. आता सहा-सहा मिनिटांचे तुकडे करते, संध्याकाळी लॅबच्या कॉम्प्युटरवर लावून देते. तरी दोघी-तिघी न बघता येतातच. त्यांच्यासाठी पुन्हा डेमो दिला की पुढच्या खेपेला कुणीच बघून येत नाही. नाही दिला तर त्या मागे पडतात. सध्या जोडीदारीण समजावते. त्यावर माझं समाधान नाही.

आणि रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात घालायची नळी, मी अजून समोरच दाखवते. ते धाडस माझ्यात नाही.

तुम्ही ३० वर्षं वॉर्ड सांभाळलात म्हणता. एका प्रॅक्टिकलला याल का? निम्म्या जोड्या तुम्ही बघा.